‘माझा’ कोणाचा? : शीतपेयांच्या नावांचे खटले

शीतपेयाच्या बाटलीत पाणी, साखर आणि थोडा अर्क किंवा फळाचा गर असतो. गिऱ्हाईक मागते ते मात्र नाव. कुंडलिका नदीत राफ्टिंग करून ओल्या कपड्यांनी कोलाडच्या आंबेवाडी नाक्यावर आलेली मंडळी ‘दोन थम्सअप, एक माझा’ असेच सांगतात. ‘आंब्याचे पेय द्या’ असे कोलाडच्या टपरीवर कोणी म्हणत नाही. नोंदणी झालेल्या नावाच्या खांद्याशी वर्तुळातला बारीक ‘आर’ छापण्याची पद्धत आहे. बाटली डोळ्यांजवळ धरल्याशिवाय तो दिसतही नाही. पण दुसऱ्याने तेच नाव वापरले तर मालकाला न्यायालयात जाता येते ते त्या नोंदणीच्या बळावर. नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत ती कितीही काळ चालू ठेवता येते. पेटंटला मुदत असते, नावाला नाही. म्हणूनच मोठ्या शीतपेय कंपन्या नावासाठी हिरिरीने भांडतात.

भारतातल्या या भांडणांचे मूळ मुंबईत आहे. परकीय चलन नियमन कायदा, १९७३ नुसार परदेशी भांडवल चाळीस टक्क्यांवर आणण्याचा आग्रह सरकारने धरला, तेव्हा कोका-कोलाने १९७७ मध्ये देश सोडला. मोकळी झालेली बाजारपेठ विलेपार्ल्याच्या पार्ले घराण्यातल्या चौहान बंधूंनी व्यापली. गोल्ड स्पॉट आधीपासून होतेच. लिम्का, थम्सअप आणि माझा यांनी पुढची पंधरा वर्षे गाजवली. पेप्सी आली तेव्हा केवळ परदेशी नावाने माल विकायला परवानगी नव्हती, म्हणून १९९० मध्ये बाटलीवर ‘लहर पेप्सी’ असे जोडनाव आले. नावावर सरकारचा एवढा ताबा असण्याचा तो शेवटचा काळ. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिने पार्लेची थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा, रिमझिम ही नावे विकत घेतली. माझाचे भारतातले हक्कही त्याच वर्षी तिच्याकडे गेले.

नाव विकत घेतले तरी बाटल्या भरणारे कारखाने स्वतंत्र मालकांचे होते, आणि पहिला मोठा खटला तिथेच पेटला. अहमदाबाद आणि राजकोटला माल भरणाऱ्या गुजरात बॉटलिंग कंपनीने करार चालू असेपर्यंत दुसऱ्या कोणाच्या ब्रँडचा माल न करण्याचे कबूल केले होते. १९९५ च्या सुरुवातीला तिचे समभाग पेप्सीच्या बाजूला गेले आणि कंपनीने करार संपवण्याची नोटीस दिली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोचले. व्यापाराला अटकाव करणारा करार करार कायद्याच्या २७व्या कलमाने रद्द ठरतो, हा बॉटलिंग कंपनीचा मुख्य युक्तिवाद. ४ ऑगस्ट १९९५ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. कराराच्या मुदतीपुरते घातलेले असे बंधन व्यापार अडवत नाही, उलट माल नीट वितरित व्हायला मदत करते, असे न्यायालयाने म्हटले. स्वतःचे वागणे सरळ नसलेल्या पक्षाने न्यायालयाकडे दाद मागू नये, हेही ठणकावून सांगितले. फ्रँचायझीच्या वादांत आजही याच निकालाचा आधार घेतला जातो.

पण या सगळ्यांत विचार करायला लावणारा खटला माझाचा. मराठी कानाला हे नावच मालकी सांगणारे. त्यामुळे ‘माझा कोणाचा’ हा प्रश्न मराठीत विचारला की त्याला वेगळीच धार येते. १२ नोव्हेंबर १९९३ च्या दस्ताने हे नाव कोका-कोलाला मिळाले ते भारतापुरते. ट्रेडमार्कचा हक्क देशागणिक वेगळा असतो. जमिनीच्या सातबाऱ्यावर जसा एका गावचा गट नंबर, तसा. २००८ मध्ये कोका-कोलाने तुर्कस्तानात माझाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. तो आपला हक्क आहे असे मानणाऱ्या बिसलेरी इंटरनॅशनलने, म्हणजे रमेश चौहान यांच्या कंपनीने, सप्टेंबर २००८ मध्ये नोटीस पाठवली. माझाबाबत दोघांत झालेला परवान्याचा करार संपल्याचे तीत जाहीर केले आणि भारतातही माझा पुन्हा वापरण्याचा मनोदय कळवला.

कोका-कोला दिल्ली उच्च न्यायालयात गेली. बिसलेरीचे म्हणणे असे की, भारतात एकही बाटली विकलेली नाही, मग हक्कभंग कुठे झाला? परदेशातली मालकी आमची, तिथे पाठवायचा माल इथे भरला तर बिघडले काय? या दुसऱ्या प्रश्नात खरी गोम होती. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या ५६व्या कलमानुसार निर्यातीच्या मालाला इथे चिन्ह लावणे हाही त्या चिन्हाचा भारतातला वापरच ठरतो. बाटली इस्तंबूलला उघडली तरी लेबल चिकटले ते भारतात. नोटिशीतली धमकी स्पष्ट असेल तर प्रत्यक्ष विक्रीची वाट पाहण्याचेही कारण नाही, असे न्यायालयाने मानले. ऑक्टोबर २००८ मध्ये मिळालेली तात्पुरती मनाई २० ऑक्टोबर २००९ च्या आदेशाने कायम झाली: देशातल्या बाजारासाठीही आणि निर्यातीसाठीही. विकलेल्या शेताला उलट्या बाजूने बांध फोडून शिरता येत नाही, हा न्याय इथे लागला आणि तो रास्तच होता.

विकत घेतलेले नाव वापरलेच पाहिजे असेही नाही. गोल्ड स्पॉट काही वर्षांत बाजारातून गेले आणि एका पिढीची चव त्याच्याबरोबर गेली. कायदा इथे मालकाला थोडा चाप लावतो: सलग पाच वर्षे आणि तीन महिने न वापरलेले नाव नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी करता येते.

जाहिरातींतली भांडणे वेगळ्या जातीची. थम्सअपच्या एका जाहिरातीत ‘पप्पी’ नावाच्या पेयाला लहान मुलांचे पेय म्हणून हिणवले होते. रोख कोणावर होता हे सांगावे लागत नव्हते. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती रोखली. आपला माल सर्वांत चांगला म्हणावे, दुसऱ्याचा वाईट म्हणू नये, ही सीमारेषा तेव्हापासून पक्की झाली. नाव नसलेल्या गोष्टींवरही मालकी सांगता येते. कोका-कोलाच्या घाटदार बाटलीला अमेरिकेत १९६० मध्ये ट्रेडमार्क मिळाला. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९८६ मध्ये तोच आकार नाकारला. भारताच्या १९९९ च्या कायद्याने मात्र वस्तूच्या आकाराला चिन्हात जागा दिली.

कोलाडच्या त्याच टपरीवर बिनलेबलाच्या बाटलीत भरलेले कोकम सरबतही असते. हे नाव कोणत्याही कंपनीला स्वतःपुरते नोंदवून घेता येणार नाही, कारण ते मालाचे साधे वर्णन आहे आणि केवळ वर्णनाला कायदा ट्रेडमार्क देत नाही. जागेच्या नावाला संरक्षण मिळते ते भौगोलिक निर्देशनाचे. कोकणच्या हापूसला ते २०१८ मध्ये मिळाले आणि त्यात पालघर, ठाणे, रत्नागिरी व सिंधुदुर्गाबरोबर रायगड आहे, म्हणजे कोलाडचा रोहे तालुकाही आला. कोकमाचे निर्देशन सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या नावे आहे. माझा एका दस्ताने विकला गेला. भौगोलिक निर्देशनाचा हक्क त्याविषयीच्या कायद्याच्या २४व्या कलमानुसार विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि परवान्याने भाड्यानेही देता येत नाही.