आधी झाडू, मग सौदा!

जून लागला की वऱ्हाडात पेरणीसोबत अॅडमिशनचीही घाई सुरू होते. घरात नवा लॅपटॉप येतो आणि जुना गिऱ्हाईक शोधू लागतो. अमरावती असो की अकोला, दुकानाच्या काउंटरवर दिलासा एकच: “भाऊ, फॉरमॅट मारून देतो, टेन्शन नोको घेऊ.” थोडं टेन्शन घ्याच, राजेहो. जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर आधार-पॅनचे स्कॅन आहेत, पीकविम्याच्या पावत्या आहेत, ब्राउझरात साठवलेले पासवर्डही आहेत. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात झाडू कसा मारायचा हे सांगायला नको, पण डिस्कचा झाडू जरा वेगळा असतो.

1. खोडलं, पण उपटलं नाही
सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातली तूर उपटली जात नाही. डिलीटचंही तसंच. हार्डडिस्कवर फाइलची फक्त नोंद जाते, मजकूर जागच्या जागी राहतो. झटपट फॉरमॅट म्हणजे नवी कोरी नोंदवही! जुनं परत काढून देणारी सॉफ्टवेअरं फुकटात मिळतात.

2. 129 पैकी फक्त 12
अमेरिकेतल्या एमआयटीच्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलत यांनी 158 जुन्या डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या 129 चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या जेमतेम 12. एक तर चक्क एटीएममधली होती, वर्षभराच्या व्यवहारांसकट! हे सगळं त्यांनी 2003 मध्ये छापून जगापुढे मांडलं.

3. बडा घर, पोकळ वासा
मॉर्गन स्टॅन्ली ही अमेरिकेतली बडी वित्तसंस्था. ग्राहकांची माहिती असलेली तिची जुनी यंत्रं न पुसताच लिलावात गेली. 2022 मध्ये दंड बसला साडेतीन कोटी डॉलरचा.

4. आकाशातून पडली, तरी बोलली
1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया यान कोसळलं आणि कल्पना चावला गेल्या. त्याच यानातली एक जळकी हार्डडिस्क टेक्सासात सापडली. तज्ज्ञांनी तिच्यातला जवळपास 99 टक्के डेटा परत मिळवला. तेव्हा मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर गेला, तरी गच्चीवर ठेवून डिस्क साफ होईल ही आशा सोडा.

5. चुंबकाचा फुसका बार
फ्रिजवरचं चुंबक फिरवून काही होत नाही. हार्डडिस्कच्या पोटातच निओडिमियमचं जबरदस्त चुंबक बसवलेलं असतं आणि त्याच्या शेजारी डेटा सुखानं नांदतो.

6. पस्तीस वेळा? एकदा पुरे
न्यूझीलंडच्या पीटर गुटमन यांनी 1996 मध्ये 35 वेळा पुसायची पद्धत मांडली आणि लोकांनी तिचा मंत्रच केला. नव्या डिस्कना एवढ्या आवर्तनांची गरज नाही, हे पुढे त्यांनीच सांगितलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शिकेनुसारही फिरत्या तबकडीच्या आजच्या डिस्कवर सगळीकडे एकदा नवं लिहिलं की भागतं. 500 जीबीला दीड-दोन तास लागतात. चार्जर लावून ठेवा नि जेवून या.

7. एसएसडीचा खाक्या वेगळा
तबकडीऐवजी चिपवर साठवणारी एसएसडी झीज वाटून घेण्यासाठी लिखाण सतत नव्या कप्प्यात ढकलते, म्हणून वरून लिहिलं तरी जुनं कुठंतरी कोपऱ्यात उरू शकतं. तिच्यासाठी बनवणाऱ्या कंपनीचं ‘सिक्युअर इरेज’ वापरा. दुसरी युक्ती म्हणजे आधी विंडोजच्या बिटलॉकरनं सगळी डिस्क कुलूपबंद करा, मग ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि ‘क्लीन डेटा’ चालू करा. किल्ली गेली की उरलेला मजकूर नुसता गिचमिडा.

8. काढूनच घ्या की!
पूर्वी हे शक्य नव्हतं. 1956 मधल्या आयबीएमच्या पहिल्या हार्डडिस्कमध्ये 24 इंची 50 तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि मावायची फक्त 50 लाख अक्षरं. आज तीच वस्तू खिशात जाते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मागचे स्क्रू सोडवा आणि आत बॅटरीची पिन काढा. अडीच इंची डिस्क असेल तर कनेक्टरपासून आडवी सरकवा, वर खेचू नका. एम.2 पट्टी असेल तर एकच स्क्रू काढायचा, पट्टी स्वतःच तिरकी उचलली जाते. केसिंगमध्ये घातली की झाली पोर्टेबल. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र साठवण बोर्डालाच डकवलेली असते, तिथं पुसण्यावाचून इलाज नाही.

9. कुऱ्हाड खाली ठेवा
चालू डिस्कवर घाव घालायची गरज नाही. बंद पडलेली पुसता येत नाही, ती फोडावीच लागते. पण लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि हातोडा बसला की ठिकऱ्या उडतात. जाड कापडात गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा चढवा. उरलेला चुरा भंगारात नको, नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. त्यासाठीचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत.

10. उलटाही घोळ होतो
वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची डिस्क 2013 मध्ये कचऱ्यात गेली, तिच्यात हजारो बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो उकरू द्या म्हणून ते कोर्टापर्यंत गेले, पण 2025 मध्ये दावा फेटाळला गेला. म्हणून क्रम चुकवू नका: आधी बॅकअप, मग तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहणं, मग सगळ्या खात्यांतून साइन आउट, मग पुसणं आणि भावाची घासाघीस सर्वांत शेवटी.