ट्रॉली घेण्याआधी पाण्याचं वजन मोजा

ताईंनो, शेळ्या, कुक्कुटपालन, शिलाई, पापड-लोणचं याच्यापलीकडं काही करू या, असं गटात बोलणं निघालं की हल्ली फिरत्या साफसफाईचं नाव येतं. घरावरच्या पाण्याच्या टाक्या धुणं, शाळा-वसतिगृहाच्या फरश्या घासणं, लग्नाच्या हंगामात सभागृह स्वच्छ करून देणं, छतावरच्या सोलर पाट्या पुसणं, ताडोब्याच्या मोहर्ली-कोलारा बाजूला होमस्टे आणि सफारीच्या जिप्स्या धुणं. काम आहे, आणि प्रेशर मशीन चालवायला फार शिकावं लागत नाही.

पण बोलणं सुरू झालं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो, "ट्रॉली कोणती घ्यायची?" इथंच गडबड होते. ट्रॉली हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आहे पाणी किती न्यायचं. कारण या धंद्यात मशीनचं वजन काहीच नाही, सगळं वजन पाण्याचं आहे.

एक लिटर म्हणजे एक किलो

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ५०० लिटरची टाकी भरली की ५०० किलो. म्हणजे ५० किलोचे धानाचे १० कट्टे.

आता समजा, गटाने दोन चाकी छोटी ट्रॉली बनवली. ट्रॉलीचं स्वतःचं वजन धरा ३०० किलो. पाणी ५०० किलो. रिकामी टाकी, मशीन, इंजिन, पाईप, बादल्या, ब्रश मिळून १०० किलो. झाले ९०० किलो. हे ओढायला ट्रॅक्टर किंवा दमदार जीप लागते. मोटारसायकलमागं हूक वेल्डिंग करून हे ओढायचा विचारसुद्धा करू नका. गाडी ओढेलही, पण उतारावर थांबणार नाही. मोटारसायकलचा ब्रेक तेवढ्या वजनासाठी बनवलेलाच नसतो.

म्हणून आधी विचारा, पाणी न्यायची गरज आहे का? घरावरची टाकी धुवायची तर तिथं नळ, बोअर, विहीर असते. शाळेत, सभागृहात पाणी असतं. पाणी गिऱ्हाइकाचं आणि मशीन आपलं, असं ठरवलं तर बरीचशी कामं १०० लिटरच्या आत भागतात. मग ट्रॉलीच लागत नाही, मालवाहू ऑटो पुरतो.

पाणी न्यावं लागतं ते जिथं उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते तिथं, किंवा एका जागी एकामागून एक गाड्या धुवायच्या असतात तिथं. छोटं प्रेशर मशीन मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर पाणी खातं. एक जिप्सी पंधरा मिनिटं धुतली तर १०० लिटरच्या आसपास पाणी गेलं. पाच जिप्स्यांना ५०० लिटर. आपल्याला मिळणारी कामं कागदावर लिहा, प्रत्येकासमोर लिटर लिहा. सगळ्यात जास्त पाणी लागणारं काम महिन्यातून एकदाच असेल, तर त्या एका कामासाठी मोठी ट्रॉली घेऊ नका.

ओढणारं कोण?

कोणतीही गाडी ठरवताना तिचं आरसी बुक उघडा. त्यात रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं. मोठ्यातून छोटं वजा करा, तेवढाच माल ती नेऊ शकते.

बॅटरीवरच्या ई-कार्टला नियमाप्रमाणे ३१० किलोपर्यंतच माल नेता येतो. मशीन आणि सामान ठेवलं की २०० लिटर पाण्याच्या पुढं जाऊ नये. तिचा वेगही ताशी २५ किलोमीटरच्या आत. मूल, आरमोरी, देसाईगंज अशा गावातल्या गावात ठीक. जिवतीच्या घाटात किंवा एटापल्ली-भामरागडच्या लांबच्या रस्त्यावर ती कामाची नाही.

ट्रॅक्टर ताकदीचा असतो, पण तो कोणाचा? ट्रॉली आपली आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा, असं बहुतेक गटांचं होईल. मग आपल्या भागाचं वर्षाचं चक्र समोर ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलणी आणि रोवणी, तेव्हा ट्रॅक्टर बांधीत. दिवाळीच्या आगेमागे धानकापणी आणि मळणी, तेव्हाही ट्रॅक्टर मिळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, तेव्हा ट्रॅक्टर रिकामा, पण आपलेच हात रिकामे नाहीत. आणि टाक्या धुण्याचं काम येतं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. ताडोब्याचा गाभा भाग पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद, म्हणजे जिप्स्यांचं कामही बंद. हे सगळं मांडलं की खरे कामाचे दिवस किती, ते दिसतं.

बंडी भरता, तशीच ट्रॉली भरा

ट्रॉलीचा तोल आपल्याला कोणी शिकवायला नको. बंडीत भारे भरताना मागं जास्त झालं की बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढं फार झालं की बैलाच्या मानेवर ओझं येतं. दोन चाकी ट्रॉलीचं अगदी तसंच आहे. उलाळ ट्रॉली वेगात डोलायला लागते आणि ओढणाऱ्या गाडीलाही हिसके देते. छोट्या ट्रॉलीत एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकावर यावा. आपल्या ९०० किलोच्या उदाहरणात ९० किलो. धान मोजायच्या काट्यावर हुकाचं टोक टेकवून हे बघता येतं. एकूण वजन धर्मकाट्यावर करा.

पाणी मात्र भाऱ्यासारखं गप्प बसत नाही. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट. ब्रेक मारला की सगळं पाणी पुढं धावतं, वळणावर एका बाजूला जातं आणि ट्रॉली कलंडवतं. म्हणून ५०० लिटरची एक टाकी घेण्याऐवजी २५० च्या दोन घ्या. एक चाकांच्या थोडी पुढं, एक थोडी मागं. काम करताना मागची आधी रिकामी करा. एकाच टाकीचं काम असेल तर पुढची भरा. टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवूनच रस्त्याला लागा. टाक्या जितक्या खाली बसवता येतील तितक्या खाली, आणि पट्ट्याने घट्ट बांधलेल्या.

ट्रॉली बघताना काय बघायचं

रंग आणि नावाची पाटी नंतर. आधी खाली वाकून बघा.

चाकं: टायर असं असावं जे तालुक्याच्या गावात मिळतं. स्टेपनी आणि जॅक हवाच. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल भागात वाघाचा वावर आहे. जंगलातल्या रस्त्यावर सांजच्याला पंक्चर ट्रॉलीजवळ उभं राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. काम असं लावा की दिवस मावळायच्या आत गावात परत याल.

पाटे आणि उंची: खड्ड्याच्या रस्त्यावर पाटे नसलेली ट्रॉली वेल्डिंग तोडते. मधला एक्सल दगडाला घासणार नाही इतकी उंची हवी, पण उगाच उंच नको. उंच ट्रॉली लवकर कलंडते.

हूक आणि साखळी: पिन निसटू नये म्हणून तिला आडवी खिळी हवी. शिवाय वेगळी साखळी, म्हणजे पिन निघाली तरी ट्रॉली सुटणार नाही. सोडून ठेवताना पुढं टेकू आणि चाकाला दगड.

ब्रेक आणि दिवे: वजन जास्त असेल तर ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक हवा. मागं लाल दिवे आणि चमकपट्ट्या हव्याच.

कागद: ट्रॉलीची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा आणि विमाही वेगळा असतो. गावच्या वेल्डिंग दुकानात बनवलेली ट्रॉली स्वस्त पडते, पण तिची नोंदणी होईल का, हे पैसे देण्याआधी गडचिरोली किंवा चंद्रपूरच्या आरटीओ कार्यालयात विचारा. शेतीसाठी नोंदवलेली ट्रॉली भाड्याच्या धंद्यात चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई गटातल्या बायांच्या बचतीतून जाते.

हप्ता आणि भाडं शेजारी मांडा

समजा गटाने १,२०,००० रुपये कर्ज काढलं. वर्षाला १२ टक्के व्याज, २४ महिने. महिन्याचा हप्ता सुमारे ५,६५० रुपये. काम असो नसो, रोवणी असो नाहीतर तेंदू, हप्ता येणारच. त्यात विमा, टायर, दुरुस्ती वेगळी. आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा असेल तर त्याचं भाडंही वेगळंच.

आता भाड्याची ट्रॅक्टर-ट्रॉली. समजा दिवसाला १,२०० रुपये धरले आणि महिन्यात चार दिवस काम मिळालं, तर ४,८०० रुपये. काम नाही त्या महिन्यात शून्य. भाव तुमच्या गावचे टाका, पण दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडा. भाड्याची गाडी घेतानाही ती व्यवसायासाठी नोंदवलेली आहे का, ते बघा.

म्हणून पहिल्या वर्षी फक्त मशीन, पाईप, टाक्या आणि हातमोजे-बूट घ्या. गाडी भाड्याने लावा. प्रत्येक कामाची नोंद वहीत ठेवा: तारीख, गाव, पाणी किती, भाडं किती, हाती किती. वर्षभराची वही ग्रामसंघासमोर ठेवली की कर्जाचा अर्ज आपोआप मजबूत होतो, आणि ट्रॉली केवढी हवी हेही वहीच सांगते.

एक गोष्ट कधीच नाही

गिऱ्हाईक म्हणेल, "आलाच आहात तर शौचालयाची सेप्टिक टाकीपण बघा." नाही म्हणायचं. तिथल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि वाचवायला उतरणारा दुसराही मरतो. २०१३ च्या कायद्याने कोणालाही संरक्षक साधनांशिवाय अशा टाकीत उतरवायला बंदी आहे. ते काम नगरपरिषदेच्या किंवा खाजगी सक्शन गाडीचं. पाण्याच्या बंदिस्त टाकीतसुद्धा एकटीने उतरू नका. झाकण बराच वेळ उघडं ठेवा, वर एक बाई उभी हवी. पेट्रोलचं इंजिन टाकीत किंवा बंद खोलीत कधीच चालवू नका, त्याचा धूर दिसत नसला तरी जीव घेतो.

पुढच्या बैठकीत ट्रॉलीचा विषय निघाला तर ठराव लिहिण्याआधी चार ओळी वहीत लिहा. पाणी किती लिटर? ओढणार कोण, आणि रोवणीत तो मिळेल का? नोंदणी-विमा कोणाच्या नावावर? काम नसलेल्या महिन्यात हप्ता कुठून? चारही ओळी भरल्या तर खुशाल घ्या. एक जरी कोरी राहिली, तर अजून एक हंगाम भाड्याने काढा. त्यात गटाचं काही जात नाही.