शांत बाळ आणि अफूची गोळी

'बाळ अगदी शांत आहे हो!' असे कौतुक आपण नेहमी ऐकतो. शंभर वर्षांपूर्वी गिरणगावातली बाळे शांत असत ती मात्र अफूमुळे. आई गिरणीत गेली की बाळाने झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. डॉ. फ्लोरेन्स बार्न्स यांच्या १९२२ मधील पाहणीत कामगार स्त्रियांच्या शंभरांतील ९८ बाळांना अफू दिली जात असल्याचे आढळले. अफूने बाळाची भूक मरते, श्वास मंदावतो.

१९२१ च्या नोंदीत एका खोलीच्या बिऱ्हाडांत हजार जन्मांमागे ८२८ अर्भके दगावली. चार वा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. पुष्कळ जणी बाळंतपणाला गावी जात, ते जन्म शहरात नोंदले जात नसत. म्हणून पहिला आकडा फुगलेला आहे; तरी फरक बोलका आहे.

१९२६ मध्ये परळला वाडिया प्रसूतिगृह उघडले. १९२९ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने कामगार बाळंतिणीला सात आठवडे रोज आठ आणे मिळू लागले. विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पाठपुरावा केला होता.

आज कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण अंधेरी-घाटकोपरला धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती कुठली? तुमच्याकडची बाई बाळंत झाली तर तिचा पगार कापू नका. बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजा, सहा महिने फक्त तेच दूध द्या. झोपेसाठी मात्र कोणतीही गोळी वा गुटी नको. रडणाऱ्या बाळाला आई हवी असते, गुंगी नव्हे.