बाजूलाही पाहणारा डोळा: अ‍ॅस्ट्रोसॅटवरचा सीझेडटीआय

श्रीहरिकोट्याहून २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताचा खगोलनिरीक्षण उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅट उडाला आणि ६५० किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत स्थिरावला. ६ ऑक्टोबरला त्यावरचं सीझेडटीआय हे उपकरण सुरू केलं, आणि त्याच दिवशी त्याने गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. हा स्फोट उपकरणाच्या समोर नव्हता. ते ज्या दिशेला रोखलेलं होतं, तिच्यापासून साधारण साठ अंश बाजूला झाला होता. तरी तो दिसला. या उपकरणाचं मोठेपण त्या पहिल्याच नोंदीत आहे.

असे स्फोट प्रथम दिसले १९६७ साली, अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांना. अवकाशात कोणी गुपचूप अणुचाचणी करत नाही ना, यावर ते पाळत ठेवत होते. निरीक्षणं प्रसिद्ध झाली १९७३ मध्ये. हे स्फोट आपल्याच दीर्घिकेतले की फार दूरचे, हा वाद मात्र १९९७ पर्यंत चालला. त्या वर्षी बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहामुळे स्फोटानंतर रेंगाळणारा प्रकाश सापडला आणि अंतरं अब्जावधी प्रकाशवर्षांची निघाली. पुढच्याच वर्षी एका स्फोटाच्या जागी सुपरनोव्हा दिसला. २००३ मध्ये आणखी एका स्फोटामागे सुपरनोव्हाचा वर्णपट इतका स्वच्छ मिळाला की शंकेला जागा उरली नाही. अशा स्फोटात सूर्याच्या कितीतरी पट जड तारा ढासळतो, गाभ्यात बहुधा कृष्णविवर जन्माला येतं आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने दोन झोत सुटतात. त्यातला एक आपल्या रोखाने असेल तरच आपल्याला स्फोट दिसतो. दोन सेकंदांहून छोटे स्फोट मात्र बहुतेकदा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून होतात.

सीझेडटीआयमध्ये कॅडमियम झिंक टेल्युराइडचे ६४ शोधक आहेत. प्रत्येकावर २५६ चित्रबिंदू, म्हणजे एकूण १६,३८४. इतक्या जास्त ऊर्जेचे किरण भिंगाने गोळा होत नाहीत, म्हणून वर भोकं पाडलेला टँटलमचा पत्रा बसवला आहे. त्याची सावली शोधकांवर कशी पडते, यावरून किरण कुठून आले हे गणिताने काढतात. पण शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे उपकरणाच्या भिंती किरणांना फारशा अडवत नाहीत, आणि त्यामुळे पृथ्वीआड नसलेलं जवळजवळ सगळं आकाश त्याच्या नजरेत राहतं. हा योगायोग नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ए. आर. राव, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले दीपंकर भट्टाचार्य आणि देशभरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. उपकरणाचं संचालन केंद्रही आयुकातच आहे.

त्याहून अवघड काम ध्रुवण, म्हणजे किरणांची कंपनं किती प्रमाणात एकाच दिशेत होतात ते, मोजण्याचं. किरण एका चित्रबिंदूत धडकून विखुरतो आणि शेजारच्या चित्रबिंदूत शोषला जातो. कोणत्या बाजूच्या शेजाऱ्याकडे तो जास्त वेळा गेला, याची मोजदाद केली की ध्रुवण कळतं. आणि ध्रुवणावरून झोतातल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. ही माहिती नुसत्या तेजस्वितेतून मिळत नाही. २१ ऑगस्ट २०१६ च्या स्फोटात तर स्फोट चालू असतानाच ध्रुवणाची दिशा पालटताना आढळली. पहिल्या वर्षाच्या नोंदींवरून बरेच स्फोट खूप ध्रुवित असावेत असं वाटलं होतं. पाच वर्षांतल्या वीस तेजस्वी स्फोटांचा हिशेब झाल्यावर बहुतेकांचं ध्रुवण कमीच निघालं. मला हा दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो: त्याच चमूने धीर धरून माहिती वाढवली आणि आपलंच आधीचं चित्र सुधारलं.

जानेवारी २०१७ मधली हकिगत सांगायलाच हवी. ४ तारखेला दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. आकाशाच्या त्याच भागात हवाईच्या अ‍ॅटलास दुर्बिणीला झपाट्याने मावळणारा एक प्रकाशबिंदू दिसला. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश आला असता, तर तो फार मोठा शोध ठरला असता. सीझेडटीआय चमूतले वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी सीझेडटीआयच्या नोंदी तपासल्या. लहरींनंतर सुमारे एकवीस तासांनी एक वेगळाच गॅमा स्फोट झालेला होता, आणि तो बिंदू त्याचाच मागे उरलेला प्रकाश होता. चुकीचा शोध वेळीच थांबवणं हेही मोठं संशोधन आहे, आणि त्याचं श्रेय क्वचितच दिलं जातं.

पाच वर्षं चालावं म्हणून बनवलेल्या या उपकरणाने २०२३ अखेरपर्यंत सहाशेहून अधिक स्फोट नोंदले. अ‍ॅस्ट्रोसॅटची विदा २०१८ पासून सर्वांसाठी खुली आहे. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी, मग ते नांदेडचे असोत की सावंतवाडीचे, ती उतरवून घ्यावी आणि एखाद्या स्फोटाचा आलेख स्वतः काढून पाहावा.