न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजी : बारावी सायन्सवाल्यांना कोणी न सांगितलेली वाट

एक्स-रेमध्ये किरण यंत्रातून निघतात. इथे रुग्णाला किरणोत्सारी औषध दिलं जातं, मग किरण त्याच्याच शरीरातून निघतात आणि गॅमा कॅमेरा ते टिपतो. या विषयाची सगळी गंमत यातच आहे!

शिकताना खरा कस लागतो तो हॉट लॅबमध्ये, म्हणजे हे औषध तयार होतं त्या खोलीत. शिशाच्या आवरणातल्या जनरेटरमध्ये मॉलिब्डेनम-९९ असतं. त्यातून सलाईन ओढलं की टेक्निशियम-९९एम बाहेर येतं. गाय पिळावी तसं रोज सकाळी! पण त्याचं अर्धायुष्य जेमतेम ६ तास. सकाळी ८ ला ४० मिलिक्युरी असेल, तर दुपारी २ ला २० च उरतं. रुग्ण ट्रॅफिकमध्ये अडकला की गणित पुन्हा मांडा. म्हणून गणिताचा कंटाळा असेल तर इकडे फिरकू नका, स्पष्टच सांगते.

किरणोत्साराची भीती? छातीवर टीएलडी बॅज असतो, किती डोस मिळाला याची नोंद राहते.

मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. तिथे या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. इतरत्र बीएस्सीचे पर्यायही आहेत. मात्र फी भरण्याआधी एकच विचारा : अभ्यासक्रमाला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मान्यता आहे का?