आश्रयाचा संघ आणि प्रदेशाचा संघ

रणजी करंडक स्पर्धेच्या इतिहासात होळकर संघाइतका अल्पायुषी आणि तरीही इतका पराक्रमी संघ क्वचितच झाला असेल. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा अंतिम सामन्यास पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला. त्यानंतर मात्र स्पर्धेच्या कोष्टकातून त्याचे नावच नाहीसे झाले. इंदूरच्या या संघाची आठवण वर्ध्यातील वाचकाने का ठेवावी, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु क्रिकेटचा संघ कशाच्या आधारावर उभा राहावा, या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अध्याय वर्ध्यातच लिहिला गेला आहे, आणि तो प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही.

१९४५-४६ चा हंगाम होळकर संघाच्या वैभवाचा कळस होता. म्हैसूरविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात त्याने ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रतापसिंग आणि स्वतः कर्णधार सी. के. नायडू अशा सहा जणांनी त्या एका डावात शतके ठोकली. विशेष हे, की सहांपैकी एकाचेही द्विशतक नव्हते. एखाद्या महारथीने धावांचा डोंगर रचावा आणि इतरांनी टाळ्या वाजवाव्यात, असा तो डाव नव्हता. पुढे अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी पन्नाशी ओलांडल्यावर २०० धावा काढल्या आणि संघ ५६ धावांनी जिंकला. त्याच्या आदल्या हंगामात मुंबईशी झालेल्या अंतिम सामन्यात होळकर पराभूत झाले होते. त्या सामन्यात सी. एस. नायडूंनी ९१७ चेंडू टाकले. एका सामन्यात एवढी गोलंदाजी करण्याचा तो विक्रम होता.

हे दोघे नायडू बंधू नागपूरचे. डावखुरे गोलंदाज हिरालाल गायकवाड यांचा जन्मही नागपूरचाच. म्हणजे होळकरांच्या यशात या भागाचा वाटा मोठा होता, परंतु त्या यशावर नाव मात्र इंदूरचे लागले. याचा दोष खेळाडूंना देता येणार नाही. सी. के. नायडू १९२३ मध्ये होळकर दरबारच्या निमंत्रणावरून इंदूरला गेले आणि तेथे त्यांना संस्थानच्या सैन्यात हुद्दा मिळाला. मुश्ताक अलींनाही तसाच हुद्दा मिळाला. खेळाडूस पोटाची चिंता न करता खेळता यावे, ही सोय त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या संघाजवळ नव्हती, ती संस्थानिकांजवळ होती. गुणी माणूस आश्रयाच्या शोधात जातो, हा जगाचा रिवाज आहे.

वर्ध्याचा कौल

त्या काळी रणजी स्पर्धेपेक्षा अधिक गर्दी खेचणारी स्पर्धा मुंबईची पंचरंगी सामन्यांची होती. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि इतर असे धर्मवार संघ उतरत. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याच्या प्रतिनिधींनी वर्ध्यास येऊन गांधीजींचा सल्ला विचारला. गांधीजींनी या जातवार सामन्यांस असलेला आपला विरोध स्पष्ट केला. महाविद्यालयांचे अथवा संस्थांचे सामने आपण समजू शकतो, परंतु धर्मावर संघ पाडण्याचे कारण आपणास कधीच उमगले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. स्पर्धा लगेच बंद पडली नाही. परंतु १९४५-४६ चा हंगाम तिचा अखेरचा ठरला.

अर्थात, होळकरांच्या वैभवाच्या त्याच हंगामात पंचरंगी स्पर्धेचा अंत झाला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पंचरंगी सामन्यांत नायडू हिंदूंकडून आणि मुश्ताक अली मुसलमानांकडून खेळत, तर इंदूरला दोघे एकाच संघात असत. एका दृष्टीने गांधीजींनी वर्ध्यात जे सांगितले, ते होळकरांच्या मैदानावर आधीच आचरणात होते. अमेरिकेत याच सुमारास, १९४७ मध्ये, ब्रुकलिनच्या व्यावसायिक बेसबॉल संघाने जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस मैदानात उतरवून वर्णभेदाची भिंत पाडली.

परंतु ब्रुकलिनची कथा येथे संपत नाही. १९५५ मध्ये विश्वमालिका जिंकलेला हा संघ त्याच्या मालकाने १९५७ च्या हंगामानंतर लॉस एंजेलिसला हलविला. प्रेक्षकांचे प्रेम त्याला अडवू शकले नाही. होळकरांचे संस्थान १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाले आणि काही वर्षांत संघही संपला. नायडूंना १९५६-५७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळावे लागले. आश्रयावरचा संघ उदार असतो, उदात्तही असू शकतो, परंतु आश्रयदात्याची इच्छा अथवा सत्ता सरली की तोही सरतो.

धर्म गेला, दरबार गेला, उरला तो प्रदेश. विदर्भाचा संघ १९५७-५८ मध्ये प्रथम रणजी स्पर्धेत उतरला. त्यापुढील सहा दशके त्याने उपेक्षेत काढली. अखेर १ जानेवारी २०१८ रोजी फैज फझलच्या नेतृत्वाखाली त्याने दिल्लीस नमवून करंडक जिंकला, आणि तोही इंदूरच्या होळकर स्टेडियमवर! पुढे २०१८-१९ मध्ये आणि २०२४-२५ मध्ये तो पुन्हा विजेता ठरला. या यशात मुंबईचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित व वासिम जाफर यांच्यासारख्या पाहुण्यांचा वाटा होता. त्यात वावगे काही नाही, नायडूही इंदूरला पाहुणेच होते. फरक एवढाच, की या वेळी पाहुणे गेले तरी घर उभे राहिले.

जिल्ह्याचे काय?

मात्र येथेच सावध राहावयास हवे. दरबाराची जागा संघटनेने घेतली, पण संघटनाही एका शहरातच बसून राहिली तर ती नवा दरबार होण्यास वेळ लागत नाही. विदर्भाचे भव्य स्टेडियम जामठ्याला, म्हणजे नागपूरहून वर्ध्याकडे येणाऱ्या रस्त्यावरच आहे. पण आर्वी, हिंगणघाट वा पुलगावच्या पंधरा वर्षांच्या मुलास त्या दारापर्यंत पोहोचविणारी पायरी कोणती? वलनीच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव भारताकडून खेळला, याचा अभिमान सर्वांना आहे. तथापि अशी उदाहरणे अपवाद म्हणून सांगावी लागतात, यातच व्यवस्थेचे उणेपण दडलेले आहे.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी सांभाळलेली एक खेळपट्टी असावी. तेथे पगारी प्रशिक्षक नेमावा आणि वर्षातून ठरलेल्या दिवशी जिल्ह्यातच निवडचाचणी घ्यावी. यांवर किती खर्च झाला, ते संघटनेने जिल्हावार जाहीर करावे. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून क्रिकेटकडे आलेला पैसा पाहता हे अशक्य म्हणता येणार नाही. होळकरांनी खेळाडूस प्रतिष्ठेने जगण्याची सोय दिली, हा त्यांच्या आश्रयातील घेण्यासारखा गुण आहे. तो गुण कोणा एकाच्या मर्जीवर न ठेवता नियमाने टिकविणे, हेच प्रदेशाच्या संघाचे खरे काम. नाही तर करंडक नागपुरास येत राहील, पण वर्ध्याच्या मुलास खेळासाठी घर सोडणे शंभर वर्षांपूर्वीइतकेच अटळ राहील.