डी ड्राइव्हवरचा बॅकअप

परवा इंदापूरच्या एका दुकानदाराचा फोन आला. "दादा, कॉम्प्युटर उडाला, सगळी उधारी त्यातच!" बॅकअप होता म्हणे. कुठे? त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर.

मोठ्या कंपन्यांत बॅकअपचं काम वाटलेलं असतं. नेटबॅकअप या सॉफ्टवेअरचंच घ्या. प्रायमरी सर्व्हर (पूर्वीचं नाव मास्टर सर्व्हर) वेळापत्रक सांभाळतो, मीडिया सर्व्हर डेटा डिस्कवर किंवा टेपवर उतरवतो आणि क्लायंट म्हणजे ज्याचा डेटा जपायचा ते मशीन.

खरा जीव मात्र कॅटलॉगमध्ये. कुठली फाइल कुठे ठेवलीय, याची ही नोंदवही प्रायमरी सर्व्हरकडे असते. ती गेली तर टेप हातात असूनही शोधाशोध. म्हणून तिचाही बॅकअप घेतात!

पुण्यात २००८ साली सुरू झालेल्या ड्रुवा या कंपनीनं बॅकअपचं हेच काम क्लाउडवर नेलं.

इंदापूरचा तो दुकानदार आता बॅकअपची एक प्रत बारामतीला भावाकडे ठेवतो.

तुमची प्रत शेवटची कधी उघडून पाहिलीत?